अर्ली मॉडर्न टेक्स्ट्स : ठिपक्यांच्या आतले आणि ठिपक्यांच्या बाहेरचे

देकार्त, स्पिनोझा, लायब्निझ, लॉक, बर्कली, ह्यूम आणि कांट. पाश्चात्त्य तत्त्वज्ञान शिकणाऱ्याला या सातजणांना टाळता येत नाही, पण मूळ ग्रंथ घेऊन बसले की पहिल्या दहा पानांतच दम निघतो. लॉकच्या वाक्यात क्रियापद येईपर्यंत कर्ता विसरलेला असतो. स्पिनोझा आणि लायब्निझ लॅटिन-फ्रेंचमधून इंग्रजीत आलेले, आणि त्यांची फुकट मिळणारी भाषांतरे बहुतेक एकोणिसाव्या शतकातली. मराठी माध्यमातून आलेल्या विद्यार्थ्यासमोर मग दोन भिंती उभ्या राहतात, एक विचाराची आणि एक भाषेची. ‘अर्ली मॉडर्न टेक्स्ट्स’ हे संकेतस्थळ दुसरी भिंत पाडायला निघाले आहे, आणि ती ते खरोखर पाडते. पण पाडताना पहिल्या भिंतीचेही काही दगड जागचे हलतात. कोणते हलले हे कळण्याची सोय तिथे आहे, पण ती अर्धीच आहे. या परीक्षणाचा बराचसा भाग त्या अर्ध्या सोयीवर खर्च केला आहे, कारण बाकी कौतुक करायला फार जागा लागत नाही.

हे काम जोनाथन बेनेट (१९३०–२०२४) यांचे. जन्म न्यूझीलंडचा, अध्यापन केंब्रिज, ब्रिटिश कोलंबिया आणि शेवटी अमेरिकेतल्या सिरॅक्यूज विद्यापीठात. कांटवर दोन पुस्तके (१९६६ आणि १९७४), लॉक-बर्कली-ह्यूम यांच्यावर एक (१९७१), स्पिनोझाच्या ‘एथिक्स’वर एक (१९८४) आणि २००१ मध्ये सहा तत्त्वज्ञांवर दोन खंड, एवढी तयारी असलेल्या माणसाने निवृत्तीनंतर हे जुने ग्रंथ आजच्या इंग्रजीत पुन्हा लिहून काढले आणि सर्वांसाठी मोफत ठेवले. लॅटिन, फ्रेंच, जर्मन ग्रंथ आहेतच. शिवाय लॉक, बर्कली, ह्यूम यांचे इंग्रजीतून इंग्रजीत रूपांतर आहे. सगळ्यात जास्त नाके मुरडली गेली ती या दुसऱ्या प्रकाराला.

उद्देश त्यांनी स्पष्ट सांगितला आहे: युक्तिवाद, सिद्धान्त आणि विचाराचा ओघ तसाच ठेवायचा, वाचनातली अडचण कमी करायची. विचाराची अडचण वाचकाने स्वतः सोसायची आहे. ही भूमिका आम्हाला पूर्ण मान्य आहे. स्पिनोझा कठीण वाटावा तो त्याच्या म्हणण्यामुळे, भाषांतरकाराच्या वळणदार वाक्यांमुळे नव्हे.

आता खुणांकडे. प्रत्येक पीडीएफच्या सुरुवातीला एक छोटा परिच्छेद असतो, तो ओलांडून पुढे जाऊ नका. ओळीच्या मध्यावर ठेवलेल्या दोन बारीक ठिपक्यांच्या आतला मजकूर बेनेट यांनी घातलेला असतो, पण तो मूळ लेखकाच्या तोंडचा समजून वाचला तरी चालतो. चौकटी कंसात संपादकाचे स्पष्टीकरण असते. चार टिंबे दिसली तर तिथला छोटा उतारा गाळला आहे, कारण त्याने होणारा त्रास मिळणाऱ्या लाभापेक्षा जास्त, असे संपादकाचे मत. मोठा भाग गाळला असेल तर कंसात त्याचा सारांश येतो. काही ठिकाणी मुद्दे सुटे करून, आत सरकवून मांडलेले दिसतात; ती मांडणी मूळची नाही, पण त्यामुळे युक्तिवादाचा सांगाडा डोळ्यांसमोर येतो.

इथे सर्वात जास्त होणारी चूक सांगतो. वाचणाऱ्याचा समज होतो की ठिपक्यांच्या आतले ते बेनेट यांचे, आणि बाहेरचे ते मूळ लेखकाचे. तसे नाही. ठिपके फक्त भर घातल्याची खूण आहेत. शब्द बदलला, वाक्य तोडले, दोन वाक्यांचा क्रम फिरवला, तर त्याची कसलीही खूण नसते. ठिपक्यांच्या बाहेरची बहुतेक वाक्येही नव्याने लिहिलेली आहेत. आणि तत्त्वज्ञानात खरा फरक भर घातल्याने कमी, शब्द बदलल्याने जास्त पडतो.

एक नमुना पाहू. स्पिनोझाच्या ‘एथिक्स’च्या पहिल्या भागात ८ व्याख्या, ७ गृहीतके आणि ३६ विधाने आहेत. पाचव्या व्याख्येत ‘मोड’ (दुसऱ्या कशाच्या तरी आधाराने असणारी गोष्ट) म्हणजे काय हे सांगताना लॅटिनमध्ये शब्द येतो ‘अफेक्शिओनेस’. हाच शब्द पहिल्या विधानातही आहे: द्रव्य (‘सब्स्टन्स’, म्हणजे जे स्वतःच्याच आधाराने असते) हे स्वभावतः आपल्या ‘अफेक्शिओनेस’च्या आधीचे. एल्वेस यांच्या १८८३ च्या भाषांतरात इथे ‘मॉडिफिकेशन्स’ आहे. एडविन कर्ली यांच्या १९८५ च्या प्रिन्स्टन आवृत्तीत ‘अफेक्शन्स’. बेनेट लिहितात ‘स्टेट्स’, म्हणजे अवस्था. वाचायला तिघांत बेनेट सर्वात सोपे. पण ‘अवस्था’ म्हटल्यावर मनात काय येते? पाण्याची गोठलेली अवस्था, उकळती अवस्था. आज ही, उद्या दुसरी. म्हणजे बदलू शकणारी, नसली तरी चालणारी गोष्ट. स्पिनोझाचे म्हणणे याच्या उलट आहे. पहिल्याच भागाचे ३३ वे विधान सांगते की वस्तू जशा निर्माण झाल्या त्याहून वेगळ्या प्रकारे निर्माण होऊच शकल्या नसत्या. सोप्या शब्दाने वाचकाच्या मनात अशी शक्यता पेरली, जी पुढे ग्रंथच नाकारतो.

याहून खोल गोष्ट अशी की या एका शब्दात एक चालू वाद मिटवून टाकला आहे. कर्ली यांनी १९६९ मध्ये मांडले की स्पिनोझाच्या जगातल्या वस्तू ईश्वराला गुणासारख्या चिकटलेल्या नाहीत. कार्य जसे कारणावर अवलंबून असते तशा त्या त्याच्यावर अवलंबून आहेत. बेनेट यांचे १९८४ चे उत्तर वेगळे: विस्तार (जागा व्यापणे) हे द्रव्य म्हणजे खुद्द अवकाश, आणि आपण ज्याला वस्तू म्हणतो ती अवकाशाच्या एकेका भागाने क्रमाने धारण केलेली गुणावस्था. थंडीची लाट विदर्भातून मराठवाड्यात सरकते म्हणतो, तेव्हा कोणतीही वस्तू सरकलेली नसते. आधी हा प्रदेश थंड असतो, मग तो. बेनेट यांच्या स्पिनोझाचा दगडही तसाच सरकतो. हे वाचन अत्यंत बुद्धिमान आहे, आणि त्याला ‘स्टेट्स’ हा शब्द चपखल बसतो. अडचण एवढीच की संकेतस्थळावर तो एका पक्षाचा शब्द म्हणून येत नाही, स्पिनोझाचा शब्द म्हणून येतो.

याचा परिणाम पाचव्या विधानात दिसतो: एकाच गुणधर्माची (‘अ‍ॅट्रिब्यूट’, म्हणजे द्रव्याचे मूळ स्वरूप) दोन द्रव्ये असू शकत नाहीत. सिद्धता अशी की दोन द्रव्ये वेगळी ओळखायची तर गुणधर्मांवरून किंवा ‘अफेक्शिओनेस’वरून. गुणधर्मांवरून म्हणाल तर एका गुणधर्माचे एकच द्रव्य, हे मान्यच केले. दुसऱ्यावरून म्हणाल तर द्रव्य त्यांच्या आधीचे असल्याने ते बाजूला ठेवू, मग भेद उरतोच कुठे? पहिल्या पायरीतले भोक लायब्निझने तेव्हाच दाखवले: दोन द्रव्यांत एक गुणधर्म समान आणि दुसरा वेगळा असेल तर? दुसऱ्या पायरीतले भोक म्हणजे ‘बाजूला ठेवू’ हा परवाना कोणी दिला? ‘अवस्था’ वाचणाऱ्याला हा परवाना सहज पटतो, कारण कपडे उतरवावेत तशा अवस्था उतरवता येतात असे वाटते. आवश्यकतेने निघणाऱ्या परिणामांबाबत ते तसे पटत नाही. म्हणजे कठीण ठिकाण सोपे केले गेले ते भाषेपुरते नव्हे, युक्तिवादातही. आपल्या पुस्तकात बेनेट या सिद्धतेची निर्दय चिरफाड करतात. म्हणून पुस्तक आणि संकेतस्थळ जोडीने वाचणाऱ्याला नुकसान नाही. फक्त संकेतस्थळ वाचणाऱ्याला आहे.

ही पद्धत कुठून आली हे माहीत असले की तिचे दोष दोष वाटण्याऐवजी भूमिका वाटू लागतात. ब्रिटिश तत्त्वज्ञ बर्ट्रंड रसेल यांनी १८९९ मध्ये केंब्रिजला लायब्निझवर व्याख्याने दिली आणि १९०० मध्ये पुस्तक काढले. त्यांनी लायब्निझचे अख्खे तत्त्वज्ञान पाच आधारविधानांवर उभे करून दाखवले. पहिले असे की प्रत्येक विधानात एक उद्देश्य आणि एक विधेय असते. मग त्या पाचांतच आपसांत विसंगती आहे हे दाखवले. मृत माणसाच्या ग्रंथाकडे समोर बसलेल्या प्रतिवादीच्या लेखासारखे पाहण्याची ही सवय तिथपासूनची. रुडॉल्फ कार्नाप यांनी १९३२ मध्ये तर सत्ताशास्त्राची (मेटाफिजिक्सची) वाक्ये खोटीही नाहीत, निरर्थक आहेत, असे म्हणून दारच लावून घेतले होते. ते पुन्हा उघडले ब्रिटिश तत्त्वज्ञ पी. एफ. स्ट्रॉसन यांनी. १९५९ च्या पुस्तकात त्यांनी लायब्निझच्या चिदणूंवर (मोनॅड, म्हणजे ज्यांचे जग बनले आहे ती अविभाज्य द्रव्ये) एक स्वतंत्र प्रकरण लिहिले आणि १९६६ मध्ये कांटवर पुस्तक. बेनेट यांचे कांटवरचे पहिले पुस्तकही १९६६ चेच. पुढे ब्रिटिश तत्त्वज्ञ पॉल ग्राइस यांनी ही वृत्ती एका वाक्यात पकडली: थोर असून हयात नसलेल्यांना, ते थोर आणि हयात आहेत असे समजून वागवावे. बेनेट स्वतः या पद्धतीला सहकाऱ्याशी वागण्याची पद्धत म्हणतात. संकेतस्थळाचा प्रत्येक ठिपका या वृत्तीतून आला आहे. ‘तुला हेच म्हणायचे आहे ना?’ असे लेखकाला विचारून त्याच्या वतीने वाक्य पूर्ण करणे, हे सहकारीच करतो.

यावरचा सर्वात वजनदार आक्षेप तत्त्वज्ञानाचे इतिहासकार डॅनियल गार्बर यांनी १९८८ मध्ये थेट बेनेट यांच्याच संदर्भात घेतला. आपल्या प्रश्नांची उत्तरे शोधायला जुन्यांकडे गेलो तर त्यांचे प्रश्न वेगळे होते, हेच दिसेनासे होते. आणि त्यांचे वेगळेपण हीच तर त्यांच्याकडून शिकायची गोष्ट. अमेरिकन तत्त्वज्ञ डेव्हिड लुईस यांनी तिसरा मार्ग धरला. शक्य जगांवरच्या १९८६ च्या पुस्तकात लायब्निझची चर्चा का नाही, हे त्यांनी प्रस्तावनेतच सांगितले: लायब्निझला काय म्हणायचे होते हे ठरवणे सोपे नाही, आणि आपण काही बोललो तर ते हौशी ठरेल. हा प्रामाणिकपणा आम्हाला फार मोलाचा वाटतो. पण विद्यार्थ्याला तो परवडत नाही. त्याला वाचायचेच आहे.

मग काय वाचावे आणि काय टाळावे? बोहेमियाची राजकन्या एलिझाबेथ आणि देकार्त यांचा पत्रव्यवहार इथे सर्वोत्तम उतरला आहे; सुरुवात तिथूनच करा. मे १६४३ मध्ये एलिझाबेथ विचारते की आत्म्याला विस्तार नाही, स्पर्श नाही, मग तो शरीराला ढकलतो कसा? साध्या भाषेत हा प्रश्न अंगावर येतो. आपल्या काळातले तत्त्वज्ञ जेग्वॉन किम यांचा प्रश्न त्याच वाटेवरचा: दोन आत्म्यांनी एकाच क्षणी सारखाच संकल्प केला आणि दोन शरीरे हलली, तर कोणी कोणाला हलवले हे कशावरून ठरवायचे? वस्तूंबाबत अंतर आणि दिशा सांगता येतात, आत्म्यांबाबत तेही नाही. साडेतीनशे वर्षांचे अंतर दोन कागदांत मिटते. देकार्तचे ‘मेडिटेशन्स’ही चांगले, आणि त्यावरचे आक्षेप व उत्तरे वेगळ्या फाइलमध्ये आहेत ती जरूर घ्या. लायब्निझचे १७१४ चे ‘मोनॅडॉलॉजी’ ९० छोट्या परिच्छेदांचे असल्याने दोन बैठकांत होते. अ‍ॅन कॉनवे आणि मार्गारेट कॅव्हेंडिश या सतराव्या शतकातल्या तत्त्वज्ञ स्त्रियांचे ग्रंथ इतक्या वाचनीय रूपात इतरत्र सहसा मिळत नाहीत.

लॉकचा ‘एसे’ चार भागांत आहे. भरभर वाचायला उत्तम, पण लॉकची सावध, अडखळत चालणारी वाक्यरचना गुळगुळीत झाली आहे. ‘मला माहीत नाही असे काहीतरी’ म्हणून द्रव्याबद्दल बोलणाऱ्या माणसाचे अडखळणे हा त्याच्या मताचाच भाग आहे. ह्यूमच्या बाबतीत मात्र एक जागा हमखास मुळातून वाचा: १७४८ च्या ‘एन्क्वायरी’चा सातवा विभाग. कारणाची एक व्याख्या दिल्यावर ह्यूम ‘दुसऱ्या शब्दांत’ म्हणून पुढे सांगतो की पहिली वस्तू नसती तर दुसरी कधीच झाली नसती. या दोन गोष्टी एक नाहीत. पहिली नियमित साहचर्याची, दुसरी ‘नसते तर’ची, आणि लुईस यांचा कारणतेवरचा १९७३ चा लेख याच ओळीपासून सुरू होतो. जिथे दोन शतकांचा वाद ‘दुसऱ्या शब्दांत’ या शब्दांवर टांगलेला आहे, तिथे तिसऱ्याचे शब्द नकोत. ‘ह्यूम टेक्स्ट्स ऑनलाइन’वर मूळ पाठ परिच्छेद क्रमांकांसह फुकट आहे.

प्लेटो, अ‍ॅरिस्टॉटल, अक्वायनस, हेगेल इथे शोधू नका. संग्रह मुख्यतः सतराव्या-अठराव्या शतकाचा आहे.

वापरायची रीत अशी ठेवा. एका वेळी एकच छोटा भाग घ्या. ‘एथिक्स’साठी पहिल्या भागाच्या व्याख्या, गृहीतके आणि १ ते १५ ही विधाने पुरेत. पहिले वाचन सलग, पेन न उचलता. दुसऱ्या वाचनात ठिपक्यांतला मजकूर फिक्या पेन्सिलीने खोडून वाक्य पुन्हा वाचा. ठिपक्यांशिवायही युक्तिवाद उभा राहिला तर ती भर केवळ सोयीची होती. कोसळला तर ती भर म्हणजे अर्थनिर्णय आहे. समासात फुली करा. तिसऱ्या वाचनात फक्त फुल्यांच्या जागा आणि व्याख्यांमधले मुख्य शब्द प्रमाण भाषांतराशी ताडून पाहा: स्पिनोझासाठी कर्ली, देकार्तसाठी कॉटिंगहॅम-स्टूटहॉफ-मर्डॉक, कांटसाठी गायर-वूड. ग्रंथालयात ती नसतील तर स्पिनोझासाठी एल्वेस आणि ‘मोनॅडॉलॉजी’साठी लाटा यांचे १८९८ चे भाषांतर मोफत आहे, जुने, पण वेगळ्या हाताचे, आणि इथे वेगळा हातच हवा. सगळा ग्रंथ दोनदा वाचायची गरज नाही. शेवटी ‘स्टॅनफर्ड एन्सायक्लोपीडिया ऑफ फिलॉसॉफी’तली त्या विषयाची नोंद वाचा, आधी नको. आधी वाचली की ग्रंथात तेवढेच दिसते.

मराठीत टिपणे काढताना आणखी एक खड्डा आहे. ‘सब्स्टन्स’ला आपण द्रव्य म्हणतो. लॉकसाठी ते बरे चालते, कारण वैशेषिकांप्रमाणेच तिथे गुण कशाच्या तरी आश्रयाने राहतात. स्पिनोझाकडे मात्र द्रव्य एकच. वैशेषिकांची द्रव्ये नऊ, आणि त्यांत पृथ्वी, जलही आहे. ‘मोड’ला कोणी प्रकार म्हणतो, कोणी पर्याय. पर्याय हा जैन परंपरेतला शब्द आहे आणि त्यात बदलत जाणे अंगभूत आहे, म्हणजे बेनेट यांच्या ‘स्टेट्स’चाच धोका मराठीत दुप्पट. टिपणात पहिल्यांदा शब्द येईल तिथे मूळ संज्ञा देवनागरीत लिहा आणि व्याख्येचा क्रमांक जोडा. १९७४ चा वाडेकरांचा ‘मराठी तत्त्वज्ञान-महाकोश’ संज्ञा ठरवताना जवळ असावा.

परीक्षेच्या दृष्टीने सांगायचे तर वस्तुनिष्ठ प्रश्नांत रूढ संज्ञाच येतात. ‘स्टेट्स’ पाठ करून गेलात तर जोड्या जुळवताना अडाल. निबंधात किंवा शोधलेखात बेनेट यांचे वाक्य स्पिनोझाचे अवतरण म्हणून देऊ नका. ते वाक्य स्पिनोझाने लिहिलेले नाही. या पीडीएफचे पृष्ठक्रमांकही संदर्भाला निरुपयोगी आहेत. भाग, विधान, परिच्छेद यांचे क्रमांक द्या, ते कोणत्याही आवृत्तीत सापडतात.

पीडीएफची पाने आडवी आणि दोन रकान्यांची आहेत. लॅपटॉपवर छान दिसतात, फोनवर सतत सरकवत बसावे लागते. अनेक ग्रंथांची मोबाईलसाठी वेगळी मांडणी दिलेली आहे, ती उतरवून घ्या. छापताना ए-फोर आडवा ठेवा आणि पाठपोठ छपाईत कागद आखूड बाजूने उलटण्याचा पर्याय निवडा, नाहीतर दर दुसरे पान उलटे येते. झेरॉक्सवाल्याला हे आधीच सांगा. आणि छपाई फिकी ठेवू नका: मधले ठिपके इतके बारीक आहेत की शाई कमी पडली तर तेच पहिल्यांदा उडतात.